राक्षस आणि आपण

केज तालुक्यातील शिवारातून हिंडताना बांधाच्या कडेला, लिंबाच्या वा बाभळीच्या बुडाशी, शेंदूर फासलेला एखादा ओबडधोबड दगड दृष्टीस पडतो. त्याला ना मूर्तीचा आकार, ना डोक्यावर छप्पर. हा म्हसोबा. शेताची राखण त्याच्याकडे, म्हणून त्याचा मानही त्याला पोचवावा लागतो. ह्याच केजहून पूर्वेस गेले म्हणजे अंबाजोगाई लागते. तेथील योगेश्वरीने दंतासुराचा वध केला अशी क्षेत्रकथा आहे. दक्षिणेस धाराशिव जिल्ह्यात तुळजापूरची भवानी आहे, ती तर महिषासुरमर्दिनीच. आता म्हसोबा म्हणजे मूळचा महिषासुर असे मत कै. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी आपल्या १९६२ सालच्या ग्रंथात मांडले आहे, आणि नावाचा व पूजेचा मेळ पाहता ते टाकाऊ म्हणता येत नाही. ते मानले तर मोठी चमत्कारिक गोष्ट समोर येते. एकाच घरातील माणसे आश्विनात महिषासुराला मारणाऱ्या देवीचे घट बसवितात, आणि त्याच महिषासुराला बांधावर नारळही फोडतात. मारणारीही आपली आणि मेलेलाही आपलाच!

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्या विसंगतीकडे हसून पाठ फिरवू नये. माणसाने स्वतःच्या शेजारी एक अर्धवट माणूस कल्पिला. तो रानात राहणारा, कच्चे मांस खाणारा, बळाने मोठा पण बुद्धीने उणा, रात्री हिंडणारा. त्याला कोणी राक्षस म्हटले, कोणी असुर, कोणी पिशाच. ही जात पृथ्वीवर कधी नांदली नाही. परंतु तिच्याशी माणसाने ठेवलेल्या संबंधांना मात्र खरा इतिहास आहे, आणि तो अद्याप संपलेला नाही. त्या इतिहासाचा थोडा विचार येथे करण्याचा आमचा मानस आहे.

राक्षस खरोखर होते काय, ह्या प्रश्नाला आपल्या सुशिक्षित वर्गात दोन उत्तरे रूढ आहेत. पहिले असे की, हे सर्व कविकल्पनेचे खेळ. त्यांत शोधण्याजोगे काही नाही. दुसरे असे की, बाहेरून आलेल्या लोकांनी येथील मूळच्या रहिवाशांना जिंकले व त्यांनाच राक्षस म्हटले. एकोणिसाव्या शतकापासून हे दुसरे उत्तर फार लोकप्रिय आहे. पण ते जसेच्या तसे स्वीकारणे कठीण. रावणाचेच पाहा. तो पुलस्त्य ऋषीचा नातू, विश्रव्याचा पुत्र, वेदविद्येत निपुण, आणि त्याची नगरी सोन्याची. ह्याला रानटी म्हणावे तर अयोध्येस काय म्हणावे? 'राक्षस' हे एखाद्या एका वंशाचे नाव असते, तर त्यात ब्राह्मणकुळीचा रावण आणि वनातली हिडिंबा एकत्र बसली नसती.

अलीकडे तिसरेही एक उत्तर ऐकू येते. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर २००३ साली सुमारे साडेतीन फूट उंचीच्या एका निराळ्याच मानवजातीचे अवशेष सापडले, आणि त्या बेटावरील लोकांत रानातल्या बुटक्या केसाळ माणसांच्या कथाही प्रचलित होत्या. त्यावरून, आपले राक्षस हीदेखील एखाद्या लुप्त मानवाची स्मृती तर नव्हे, अशी शंका काहींना येते. आपल्या देशातही पुरातन मानवाची साक्ष आहे. नर्मदेच्या काठी हथनोरा येथे १९८२ साली अरुण सोनकिया यांना अतिप्राचीन मानवी कवटीचा भाग मिळाला. गोदावरीच्या खोऱ्यातच प्रवरेकाठी नेवाशाला पुराणाश्मयुगीन हत्यारे विपुल मिळाली आहेत. परंतु फ्लोरेसचे ते अवशेष साठ हजार वर्षांहूनही जुने ठरले आहेत, आणि हथनोऱ्याची कवटी त्याहून कितीतरी पूर्वीची. तीनचार पिढ्यांपूर्वीच्या पणजोबांचे नाव आपणास धड आठवत नाही. तेथे दोनतीन हजार पिढ्यांची आठवण तोंडी कथेने जपली असे मानणे धाडसाचे होईल.

मग राक्षसाची जात कोणी निर्माण केली? आमच्या मते ह्याचे उत्तर हाडांत नाही, कथांतच आहे. मात्र कथा वाचताना, राक्षस कसा दिसत होता हे न विचारता, त्याला राक्षस ठरविल्यावर त्याच्यापासून काय घेण्यात आले, हे विचारले पाहिजे.

महाभारताच्या शांतिपर्वात वेन राजाची कथा आहे. वेन अधर्मी निघाला म्हणून ऋषींनी त्याला मारले, आणि राज्यास धनी हवा म्हणून त्याच्या प्रेताची मांडी घुसळली. तीतून एक ठेंगणा, लाल डोळ्यांचा, जळक्या खुंटासारखा काळा पुरुष निघाला. ऋषी त्याला म्हणाले, 'निषीद', म्हणजे खाली बैस. त्याच्यापासून डोंगरात व रानात राहणारे निषाद झाले. मग ऋषींनी वेनाचा उजवा हात घुसळला. त्यातून तेजस्वी पृथु निघाला, तो राजा झाला, त्याने भूमी सपाट केली, तिच्यापासून धान्य दोहून घेतले, आणि तिला पृथ्वी हे नाव मिळाले. ही कथा रचणाऱ्याचा हेतू उघड आहे. रानातल्या माणसाचे ठेंगणेपण, काळेपण व खालची पायरी ही जन्मसिद्ध आहेत असे त्यास दाखवावयाचे आहे. पण नकळत त्याच्या हातून एक गोष्ट मान्य होऊन गेली. निषाद आणि पृथु एकाच देहातून निघाले. शिवाय निषाद आधी निघाला. म्हणजे नांगर धरणाऱ्याचा तो थोरला भाऊ ठरतो! थोरल्या भावाला 'खाली बैस' म्हणून सांगितले, आणि जमीन धाकट्याकडे गेली. वाटणीच्या तंट्याची ह्याहून जुनी कागदपत्रे मिळणे कठीण.

खांडववनाची कथा ह्याच वाटणीचा पुढला अंक होय. इंद्रप्रस्थाच्या शेजारचे ते अरण्य कृष्णार्जुनांनी अग्नीच्या स्वाधीन केले आणि बाहेर पळणाऱ्या जिवांना बाणांनी परत आगीत लोटले. मोजकेच जीव वाचले. त्यांत मय नावाचा दानव होता. त्याला अभय का मिळाले? तो शरण आला म्हणून, असे कथा सांगते. आणि लगोलग हेही सांगते की तो उत्तम शिल्पी होता व पांडवांची सभा त्यानेच उभारली. इरावतीबाई कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये ह्या वनदाहाकडे नव्या दृष्टीने पाहून, शेतीसाठी जमीन मिळविण्याचा हेतू त्यामागे दिसतो असे दाखविले, तेव्हा अनेक वाचक अस्वस्थ झाले. अस्वस्थ होण्याचे कारणही होते. ज्या सभेच्या वैभवाची वर्णने आपण बाळपणापासून आवडीने ऐकली, तिचा पाया राखेत होता, आणि ती बांधणारा त्याच राखेतून वाचलेला एक दानव होता.

हिडिंबेची गोष्ट ह्याहून हृदयस्पर्शी आहे. भीमाने तिच्या भावाला मारले आणि तिच्याशी संसार केला. तोही अटीवर. दिवसा तिने भीमाला कोठेही न्यावे, सूर्यास्तापूर्वी त्याला भावांपाशी आणून पोचवावे. आणि पुत्र होईपर्यंतच हा संबंध राहील. घटोत्कच जन्मला आणि संसार संपला. पुढे वनवासात हिमालयाची चढण द्रौपदीला झेपेना, तेव्हा भीमाने आठवण करताच तो पोर धावून आला, आणि त्याने व त्याच्या सोबत्यांनी पांडवांना खांद्यांवरून वाहिले. शेवटी युद्धात कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेली शक्ती ह्या मुलावर खर्ची पडली. पांडव शोकात बुडाले असता श्रीकृष्णाला हर्ष झाला, आणि त्याने अर्जुनास त्याचे कारण सांगितले. कर्णाने ह्याला मारले नसते तर मलाच मारावे लागले असते, कारण हा यज्ञांचा व ब्राह्मणांचा द्वेष्टा होता, असा त्या बोलण्याचा आशय आहे. त्याच भाषणात, तुमच्या हितासाठी वाटेतून दूर केलेल्यांची यादी देताना, कृष्णाच्या तोंडी एकलव्याचे नाव येते. हे स्थळ वाचकांनी मुळातून अवश्य पाहावे. एकलव्य कोणी राक्षस नव्हता. तो निषादांच्या राजाचा मुलगा, तुमच्याआमच्यासारखा हाडामांसाचा, धनुर्विद्येचा वेडा. तरीही यादीत तो राक्षसाच्या शेजारी बसला. एकाचा अंगठा घेतला, दुसऱ्याचा प्राण घेतला. दोघेही उपयोगी पडले आणि दोघेही नकोसे होते. व्यासांचे मोठेपण असे की त्यांनी हे लपविले नाही.

परंतु संबंधाची ही एवढीच तऱ्हा असती तर बांधावरच्या नारळाचा उलगडा झाला नसता. आपल्या लोकांनी वध सांगितला, तसे लग्नही सांगितले. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील वीर येथे श्रीनाथ म्हस्कोबाची माघी पौर्णिमेला मोठी यात्रा भरते आणि त्या यात्रेत देवाचे लग्न लागते. वधू कोण? जोगेश्वरी. तेथील भक्त म्हस्कोबाला काळभैरवाचा अवतार मानतात; कोसंबींनी मात्र म्हसोबा व म्हस्कोबा हे एकाच घराण्याचे देव मानून असे प्रतिपादिले की, गुराख्यांचा देव आणि आधीपासूनची देवी ह्यांच्या उपासकांत जेथे तंटा राहिला तेथे देवी महिषाला मारते, आणि जेथे समेट झाला तेथे त्याच्याशी लग्न करते. हे अनुमान आहे. तथापि मोठे सुचक आहे. अंबाजोगाईला असुराच्या छातीवर पाय देणारी योगेश्वरी आणि वीरला म्हस्कोबाच्या शेजारी मुंडावळ्या बांधून बसणारी जोगेश्वरी, ह्या दोन्ही महाराष्ट्राने पूजिल्या. शेजाऱ्याशी वैर करावे की सोयरीक, हा प्रश्न आपल्या पूर्वजांपुढे होता, आणि प्रत्येक गावाने आपापल्या परीने तो सोडविला.

सोयरीक केवळ रक्ताची नसते, विद्येचीही असते. त्याची कथा तर आपल्या मराठवाड्याचीच आहे. पैठणच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. राजाला संस्कृत किती काळात शिकविता येईल ह्या पैजेत तो हरला आणि संस्कृत, प्राकृत व देशी ह्या तिन्ही भाषांचा त्याने त्याग केला. मुका होऊन तो विंध्याच्या रानात गेला, तेथे पिशाचांची भाषा शिकला, आणि तिच्यात त्याने सात लक्ष श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने लिहिली. राजाने ती पिशाचांची म्हणून झिडकारली. तेव्हा गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवून अग्नीत टाकू लागला, आणि रानातले प्राणी चरणे सोडून अश्रू ढाळीत ऐकत राहिले. राजाला सत्य कळेपर्यंत सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. अकराव्या शतकात सोमदेवाने 'कथासरित्सागर' रचला तो ह्याच परंपरेतून. व्याकरणकारांनी पैशाचीची लक्षणे नोंदविली आहेत, म्हणजे ती माणसांचीच भाषा होती. नाव तेवढे पिशाचांचे. ज्यांना आपण भाषासुद्धा माणसाची देऊ केली नाही, त्यांच्या भाषेतून आपल्या आज्यांच्या गोष्टी आल्या!

येथे कोणी म्हणेल की, ह्या जुन्या भाबड्या काळच्या गोष्टी झाल्या. शास्त्राच्या प्रकाशात असे होत नाही. शास्त्राचा इतिहास मात्र निराळे सांगतो. स्वीडनचा थोर निसर्गशास्त्रज्ञ लिनियस ह्याने १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत 'होमो सेपियन्स' ह्या नावाशेजारी 'होमो ट्रोग्लोडायटीस' अशी मानवाची दुसरी जात नोंदविली. हा गुहेत राहणारा, रात्री हिंडणारा माणूस. असा माणूस कोठेही नव्हता. प्रवाशांच्या ऐकीव हकीकतींतून तो घडला होता. म्हणजे आमचा निशाचर लॅटिन नाव धारण करून शास्त्राच्या पोथीत जाऊन बसला. पुढे जर्मनीतील निअँडर खोऱ्यात १८५६ साली खऱ्याच निराळ्या मानवाची हाडे मिळाली. त्याचे तरी काय झाले? फ्रान्समध्ये १९०८ साली सापडलेल्या एका सांगाड्यावरून मार्सेलिन बूल ह्या पंडिताने त्याचे जे वर्णन केले, त्यात तो वाकलेला, गुडघे न ताणता फरफटत चालणारा, जवळजवळ पशूच दिसतो. पुढे १९५७ साली त्या हाडांची फेरतपासणी झाली, तेव्हा कळले की तो म्हातारा संधिवाताने जर्जर झालेला होता. एका आजारी वृद्धाच्या कंबरेवरून सबंध जातीचे पशुत्व सिद्ध करण्यात आले होते! आणि २०१० साली त्या मानवाच्या जनुकांचा आराखडा वाचला गेला, तेव्हा आफ्रिकेबाहेरच्या माणसांत, अर्थात आपल्यातही, शेकडा एकदोन अंश त्याचा वारसा आढळला. हिडिंबेची कथा हाडांनीही सांगितली म्हणावयाची.

शास्त्राची चूक शास्त्राने सुधारली. कायद्याची चूक सुधारणे इतके सोपे नसते. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. ह्या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार, असा समर्थकांचा युक्तिवाद होता. पूर्वी निषादाला मांडीतून जन्मल्यामुळे खाली बसविले. आता सरकारी नोंदवहीत जन्मल्यामुळे. १९११ च्या कायद्याने ही व्यवस्था देशभर लागू करता येऊ लागली, १९२४ साली ती पुन्हा नव्याने बांधली गेली. नोंदलेल्या जमातीच्या माणसाने चौकीवर हजेरी द्यावी, परवान्यावाचून गाव सोडू नये, आणि काहींनी तारेच्या कुंपणात राहावे. सोलापुरात अशी मोठी वसाहत होती. 'सेटलमेंट' हे नाव त्या भागाला आजही चिकटून आहे. कुंपणातल्या माणसांना तेथील गिरण्यांत कामाला लावण्यात येई. मयाला अभय मिळाले ते सभा बांधण्यासाठी. ह्यांना कोंडले ते सूत काढण्यासाठीही. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या राज्यात होता. परंतु तेथेही ह्याच धर्तीची बंधने होती. सप्टेंबर १९४८ मध्ये ते राज्य संपले, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी भारतात हा कायदा रद्द झाला.

ज्यांच्यावर हा शिक्का बसला त्यांत पारधी होते. त्यांचे नावच मुळी पारधीवरून पडलेले. फाशांनी तित्तिर, ससे, हरणे धरण्यात ह्या लोकांचे कौशल्य असे, की रानाचे व्याकरणच त्यांना पाठ. मराठवाड्याच्या माळांवर त्यांची पाले शतकानुशतके पडत आली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध हाच अपराध झाला. वन्य प्राण्यांना अभय मिळाले हे उत्तमच. परंतु ज्याची विद्या काढून घेतली त्याच्या हातात दुसरे काय दिले, हा हिशेब कोणी केला नाही. आणि कायदा गेला तरी शिक्का गेला नाही. गावात चोरी झाली की पहिले बोट माळावरच्या पालाकडे जाते. मे २०२० मध्ये ह्याच केज तालुक्यात, मांगवडगाव येथे, एका पारधी कुटुंबातील तिघे मारले गेले. वाद जमिनीचा होता, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. न्यायाचे काम न्यायालयाचे. आम्ही त्यात पडत नाही. एवढेच म्हणतो की, पृथु आणि निषाद यांच्यातला तंटाही जमिनीचाच होता.

ह्या इतिहासात आशेची एक गोष्ट आहे, आणि ती न सांगणे अन्याय होईल. इतकी शतके राक्षसाची कथा दुसऱ्याने लिहिली. घटोत्कचाने आपले आत्मवृत्त ठेवले नाही, एकलव्याच्या तोडलेल्या अंगठ्याने काही लिहिले नाही. परंतु मराठीत १९८० साली लक्ष्मण माने यांचे 'उपरा' आले, १९८७ साली लातूरकडच्या लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' आले. भटक्या व विमुक्त म्हणविल्या जाणाऱ्या समाजांतील माणसांनी आपली हकीकत आपल्याच भाषेत लिहिली, आणि साहित्य अकादमीने ह्या दोन्ही ग्रंथांना गौरविले. गुणाढ्याला रानात जाऊन शिकावी लागली ती भाषा आता स्वतःच पैठणच्या दारी आली. राजाने ह्या वेळी पाने जळू दिली नाहीत, हे त्याचे शहाणपण. ती पाने वाचून आपण अश्रू ढाळले, इतपत तर रानातल्या पशूंनीही केले होते. त्याहून काही अधिक माणसाकडून अपेक्षित आहे.

ते अधिक काय, ह्याचे उत्तर आम्हांस ग्रंथांपेक्षा बांधावरच्या त्या ओबडधोबड दगडात अधिक स्पष्ट दिसते. म्हसोबाला नारळ फोडणाऱ्या कुणब्याने कोसंबी वाचलेले नसतात, शांतिपर्वही वाचलेले नसते. पण ह्या शेतावर आपल्या आधी कोणीतरी होता, त्याचा मान द्यावा लागतो, एवढे त्याच्या हाताला ठाऊक असते. देवीने त्याला मारले हे तो नाकारीत नाही. तो मेला म्हणून त्याचा हक्क संपला, असेही तो मानीत नाही. दगडाला जो मान आपण बिनतक्रार देतो, तो त्याच माळावर पाल ठोकून राहणाऱ्या जिवंत माणसाला देताना मात्र आपला हात आखडतो. राक्षस कोठे होते, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला आम्ही म्हणू की, बाबा रे, ज्याला ज्याला राक्षस म्हटले त्याचा अंगठा, त्याचे रान, त्याचे श्रम आणि त्याच्या गोष्टी कोणाकडे गेल्या ते आधी शोध. हा शोध घेता घेता तो बहुधा आपल्याच घराच्या ओसरीवर येऊन उभा राहील.